वरच्या हॉलचा फळा

लक्ष्मीपुरीतल्या त्या दुमजली इमारतीत तीन सहकारी संस्थांच्या कचेऱ्या होत्या. पुढच्या बाजूला शेतकऱ्यांना कर्ज देणारी, तिला लागून गुळाच्या विक्रीचं बघणारी, आणि मागच्या दोन खोल्यांत विणकरांची. सभेला हॉल मात्र एकच, वरच्या मजल्यावर. त्यात एक लांब टेबल, तीसेक खुर्च्या आणि गुंडाळून ठेवलेल्या दोन सतरंज्या. हॉलची किल्ली हेडक्लार्क दत्तोपंत सांगवडेकरांच्या जानव्याला असायची, आणि हॉल कुणाला कधी द्यायचा ते त्यांच्या डोक्यात.

संस्थान विलीन होण्याच्या आधीपासून हे असंच चालत आलं होतं. कुणीतरी जिन्यात गाठून म्हणायचं, "पंत, सोमवारी दुपारी हॉल लागंल." पंत मान हलवायचे. झालं. सोमवारी खुर्च्या मांडलेल्या, तांब्या-भांडी भरलेली, आणि सभा रंगात आली की चहा वर. चहा करायचा रशीद. त्याची टपरी फाटकाच्या आतच होती, आणि खुर्च्या-सतरंज्या मांडायचं कामही संस्थांनी त्यालाच दिलं होतं. पंतांनी खिडकीतून हाक मारून सांगायचं आणि रशीदनं करायचं.

विलीनीकरणानंतर सगळंच वाढलं. सरकारचे तपासनीस येऊ लागले, प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले, सुताच्या वाटपाच्या बैठका व्हायला लागल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास दत्तोपंतांचं डोकं दगा देऊ लागलं.

आधी ते किरकोळ होतं. चहा सांगायचा राहिला, चाळिशी कपाळावर असताना टेबलभर शोधली. मग एकदा गुळवाल्यांच्या सेक्रेटरींनी सकाळी सांगितलेलं दुपारी पार पुसून गेलं. सांगितलं होतं एवढं आठवे, पण कुणी, ते आठवेना. पंत उपरण्याला गाठ मारू लागले. दोन-दोन गाठी झाल्या की कुठली कशाची ते कळेना. घरी जेवताना घास हातात धरून ते मनाशी घोकत, उद्या कर्जवाले, परवा तपासनीस. बायको काही विचारू लागली तर हातानंच गप्प करत, की घोकलेलं निसटू नये. झोप उडाली. पेन्शन अजून लांब होती, आणि डोकं फिरलं म्हणून घरी बसवलेल्या एका कारकुनाचं त्यांनी स्वतः पाहिलेलं होतं. म्हणून ते कुणाला काही बोलले नाहीत.

त्या मंगळवारी दुपारी वर पुण्याच्या तपासनिसांचा वर्ग चालू होता. तेवढ्यात फाटकातून चाळीसएक माणसं आत आली. कबनूरचे आणि इचलकरंजीचे विणकर. पुढे बादशहाभाई, त्यांच्या संस्थेचे पुढारी, डोक्याला टोपी, अंगावर धुतलेला सदरा. ते सरळ पंतांच्या टेबलाशी आले.

"पंत, किल्ली द्या. मानसं वर बसवतो."

दत्तोपंतांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काहीही आठवत नव्हतं.

"आज?" ते म्हणाले.

"आज म्हंजे? मागल्या आटवड्यात मी सोता येऊन गेलतो की. सुताच्या कोट्याची बैठक. तुमी व्हय म्हनलासा." बादशहाभाईंचा आवाज मुळातच मोठा, तो आता साऱ्या कचेरीत गेला. "माग बंद ठेवून आलोय आमी. एका मोटारीत मावलो न्हाय, दोन मोटारी करून आलोय."

पंत उपरण्याच्या गाठी चाचपू लागले. पलीकडच्या टेबलावर टंकलेखनाचं काम करणारी कालिंदी उठून आली. शिवाजी पेठेतली ही मुलगी मॅट्रिक होऊन वर्षापूर्वी नोकरीला लागली होती. तिनं बादशहाभाईंना म्हटलं, "वर वर्ग चाललाय, भाई. मागच्या अंगणात लिंबाची सावली आहे. सतरंज्या तिकडे टाकायला सांगते."

विणकर अंगणात बसले. वाऱ्यानं कागद उडत होते, बाजूच्या रस्त्यावरून टांगे जात होते, मागच्या माणसाला पुढचं ऐकू येत नव्हतं. बैठक अर्ध्यावरच मोडली. सुताची मागणी कुणी किती करायची हे ठरलंच नाही. जाताना बादशहाभाई पंतांकडे न बघता म्हणाले, "आमी मागच्या दारची मानसं, आमाला अंगनच."

हे शब्द पंतांना शिवीपेक्षा जास्त लागले.

संध्याकाळी इमारतीचा कारभार बघणाऱ्या चेअरमन अप्पासाहेबांनी रशीदला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता. निरोप तूच विसरला असशील, टपरी हलवावी लागेल, असं काहीतरी. दत्तोपंत खुर्चीवर बसूनच राहिले. उठून खरं सांगावं असं नुसतं मनात होतं. रशीद बाहेर आला आणि त्यांच्यासमोरून मान खाली घालून निघून गेला.

मग मात्र त्यांना बसवेना. ते टपरीवर गेले. रशीद कपबश्या विसळत होता.

"तू साहेबांना काय सांगितलंस?"

"काय न्हाय. ऐकून घेतलं."

"अरे, तुला मी निरोप दिलाच नव्हता. बादशहाभाई आले होते तेच मला आठवत नाही."

"मला म्हाईत हाय, पंत." रशीदनं हात पुसले. "दिवाळीपास्नं बगतोय की मी. तुमी दोनदा सांगता, न्हायतर सांगतच न्हाय. म्हनून मीच रोज सकाळी तिन्ही कचेऱ्यांत इचारत फिरतो, आज कुनाचं काय हाय का म्हनून. आज सकाळी अमीरबीला ताप हुता, दवाखान्यात गेलतो. तेवढं ऱ्हायलं."

अमीरबी म्हणजे त्याची बायको. पंत टपरीच्या बाकावर बसले. इतके महिने आपण लपवतोय असं समजत होते, आणि हा माणूस गुपचूप त्यांची चूक सावरत आला होता.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कालिंदीताईंना. त्यांनीच मला म्हनलं, पंतांना काय बोलू नगा."

दत्तोपंतांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग उठले आणि तसेच अप्पासाहेबांच्या खोलीत गेले. कालिंदी तिथं सहीचे कागद घेऊन उभी होती. तिच्यासमोरच ते म्हणाले, "साहेब, रशीदकडे दोष नाही. विसरलो मी. आजचंच नाही, वर्षभर विसरतोय. हॉल आता माझ्या डोक्यात मावत नाही."

एवढं बोलल्यावर त्यांना वाटलं, आता हे म्हणतील, घरी बसा. अप्पासाहेब रागीट होते, पण हलक्या मनाचे नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पंत, तीन संस्था आहेत. पूर्वी महिन्याला दोन सभा होत, आता रोज आहे. हे एका माणसाच्या डोक्यात ठेवायचं कामच नव्हे. तुम्ही आधी का नाही बोललात?"

कालिंदी म्हणाली, "साहेब, मी बोलू? जिन्याच्या तोंडाशी एक मोठा फळा लावू. ज्याला हॉल हवा त्यानं स्वतः येऊन लिहायचं. आधी लिहील त्याचा हॉल."

"फळा शाळेत असतो, कालिंदीबाई," दत्तोपंत सवयीनं बोलून गेले.

"शाळेत तरी कुणी तास विसरत नाही, पंत."

अप्पासाहेब हसले. त्यांनी रशीदला परत बोलावलं आणि दोघांच्या देखत म्हणाले, "टपरीचं बोललो ते मनावर घेऊ नको." रशीदनं मान हलवली. कालिंदीनं त्याला फळ्याचं सांगितलं. दाराशी गेल्यावर तो म्हणाला, "फळ्यावर किती मानसं येनार तेबी लिहा. धा मानसांला साठ कप हुतात, आनि साठ मानसांला धा."

शिवाजी पेठेतल्या सुतारानं फळा करून दिला. कालिंदीनं त्यावर पांढऱ्या रंगानं रेघा मारल्या. वार, सकाळ की दुपार, कुणाची सभा, माणसं किती, खुर्च्या का सतरंजी, चहा हवा का नको. किल्ली आता फळ्याशेजारी खिळ्याला टांगली. जानव्याला किल्ली नाही म्हणून पहिले दोन दिवस पंतांचा हात सारखा छातीकडे जायचा.

सुरुवातीला गोंधळ झालाच. गुळवाल्यांच्या सेक्रेटरींनी महिन्याचे सगळे सोमवार एकदम स्वतःच्या नावे लिहून टाकले. कुणीतरी दुसऱ्याचं नाव ओल्या बोटानं पुसलं आणि दोन संस्थांचे कारकून जिन्यात हमरीतुमरीवर आले. मग कालिंदीनं ठरवलं की फळ्यावर चालू आठवडा आणि पुढचा, एवढंच. आणि पुसायचं फक्त पंतांनी. पुसायच्या आधी ज्याचं नाव आहे त्याला जाऊन विचारायचं. या कामाला पंतांना काही लक्षात ठेवावं लागत नव्हतं. वाचायचं आणि उठून विचारायला जायचं, बस्स. ते त्यांना छान जमू लागलं.

पंत स्वतः कबनूरला गेले, ते मात्र कुणी सांगितलं म्हणून नव्हे. एका रविवारी मोटारीनं इचलकरंजीला उतरून तिथून चालत. मागांचा खडखडाट एवढा की बादशहाभाईंना त्यांना शेडच्या बाहेर घेऊन यावं लागलं.

"चूक माझी होती, भाई," पंत म्हणाले. "अंगण मुद्दाम दिलं नव्हतं. मला विसर पडतो. पुढच्या बुधवारी दुपारी हॉल तुमचा. मीच लिहून आलोय, तुमचं नाव घालून."

बादशहाभाईंनी घरात आवाज दिला, "पावनं आल्यात, च्या टाका." चहा झाल्यावर म्हणाले, "माज्या बापाला असंच हुयाचं, पंत. सोताच्या मागाचं सूत कुठं ठिवलं ते आटवायचं न्हाय. त्याला कुनी रागावलं न्हाय कदी."

बुधवारी सकाळी अप्पासाहेब घाईनं आत आले. मुंबईहून सहकार खात्याचे कुणी अधिकारी दुपारी येणार होते. "पंत, हॉल उघडा," ते जाता जाता म्हणाले.

दत्तोपंत उठून जिन्याशी गेले, फळा वाचला आणि परत आले.

"साहेब, फळ्यावर विणकरांचं नाव आहे. चाळीस माणसं, सतरंज्या, चहा. पुसायचं तर त्यांना विचारावं लागेल, आणि ते आता मोटारीत बसलेत."

अप्पासाहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते स्वतः फळ्यापर्यंत जाऊन आले. "ठीक आहे," ते म्हणाले. "पाहुणे चारच आहेत. माझ्या खोलीत दोन खुर्च्या जास्त टाका."

दुपारी विणकर आले आणि थेट वर गेले. सतरंज्या पसरलेल्या होत्या, खिडक्या उघड्या होत्या, रांजण भरलेला होता. बैठक दोन तास चालली. खाली टेबलाशी पंतांना बादशहाभाईंचा आवाज ऐकू येत होता, मधेच हसण्याचा गलका. वेळेवर रशीद किटल्या घेऊन जिना चढला. त्याला कुणी हाक मारली नव्हती. कालिंदीनं टंकयंत्रावरून मान वर करून पंतांकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली.

सुताच्या मागणीवर सर्वांच्या सह्या झाल्या. जाताना बादशहाभाई टेबलाशी थांबले. "पुढल्या खेपेला कवा यायचं, ते तुमच्या फळ्यावर आमीच लिहिनार. आमच्यातबी लिहिनारी पोरं हाईत आता." आणि त्यांनी पंतांचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला.

त्या संध्याकाळी दत्तोपंत रंकाळ्यावरून घरी गेले. पाण्यावर वारा होता. कठड्यावर बसून त्यांनी शेंगदाणे खाल्ले आणि डोक्यात काही घोकणं चाललंय का ते सहज तपासून पाहिलं. काही नव्हतं.

घरी बायकोनं, लीलाबाईंनी, पान वाढलं. पंतांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. वाढता वाढता लीलाबाईंनी जरा बिचकतच विचारलं, "उद्या लवकर जायचंय का? काय आहे उद्या?"

"उद्याचं मला काही ठाऊक नाही," दत्तोपंत म्हणाले. "गेल्यावर वाचीन."

आणि आमटीची वाटी त्यांनी तोंडाला लावून संपवली. मग अंथरुणावर पडले, आणि लीलाबाई स्वयंपाकघर आवरून येईपर्यंत त्यांना गाढ झोप लागली होती.