कोंडाळं कोण म्हणतं?

दर सोमवारी सकाळी प्रज्ञेश एक यादी उघडायचा आणि चहा संपायच्या आत मिटूनही टाकायचा. आठवडाभरात ज्यांना ज्यांना 'काहीही सापडलं नाही' असं उत्तर मिळालं, त्यांनी काय शोधलं होतं त्याची ती यादी. तिच्यात बहुतेक वेळा गंमतच असे. कुणी लग्नासाठी स्थळ शोधलेलं, कुणी आपल्या सोसायटीच्या चेअरमनचं नाव टाकून बघितलेलं.

त्या सोमवारी चहा तसाच राहिला. एकच शब्द यादीत अकरा वेळा होता. कधी 'नळकोंडाळं', कधी 'कोंडाळे', कधी नुसतंच 'कोंडाळ'. शेवटचा शोध होता 'कोंडाळं खडकी चंद्रभागा'.

चंद्रभागा म्हणजे खडकीच्या वस्तीत राहणारी त्याची सख्खी आत्या.

हे सगळं जिथं शोधलं गेलं ते 'गटशोध' प्रज्ञेशनंच बांधलेलं. शहराच्या खुल्या माहितीच्या पोर्टलवर हजारो तक्ते गटागटांनी लावून ठेवलेले असतात. अडचण एवढीच की गटांची नावं कचेरीच्या भाषेत आणि शोधणारी माणसं घरच्या भाषेत. म्हणून त्यानं शब्दांची जंत्री केली होती. लोक 'कचरा' म्हणतात, कचेरी 'घनकचरा व्यवस्थापन' म्हणते. दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवलं की कुणालाही आपला गट सापडतो; तक्त्यांच्या आतली नावं मात्र 'गटशोध' बघत नसे. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात या जंत्रीचं फार कौतुक झालं होतं. चारशे बारा शब्द होते तिच्यात. चारशे तेरावा त्यानं स्वतःच्या हातानं पुसला होता.

वर्ष झालं त्याला. मीटिंगमध्ये जंत्री पडद्यावर लावली होती आणि 'स्टँडपोस्ट' या गटासमोर त्यानं 'नळकोंडाळं' लिहिलं होतं. वस्तीतल्या सार्वजनिक नळाला दुसरं काय म्हणणार? शेजारी बसलेल्या सलिलनं ते मोठ्यानं वाचलं.

"कोंडाळं? ब्रो, ही काय रेसिपी आहे का?"

हशा पिकला. श्रीधर सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो प्रज्ञेश, असं कोण म्हणतं हल्ली?"

उत्तर अगदी सोपं होतं. माझी आत्या म्हणते, आमची अख्खी वस्ती म्हणते, मी दहावीचा अभ्यास त्या कोंडाळ्याच्या कठड्यावर बसून केलाय, आईचे हंडे रांगेत लावून. एवढं म्हटलं असतं तर सर त्याला खाऊन टाकणार नव्हते. पण नोकरी नवी, खोली एसीची, आणि ते हसू त्याला झोंबलेलं. हा शहाणा म्हणाला, "कोणी नाही, सर." आणि ओळ पुसून मोकळा झाला.

आता त्यानं 'स्टँडपोस्ट' टाकलं. गट लगेच आला. आत अठ्ठ्याण्णव सालच्या पाहणीचा तक्ता होता. नळ क्रमांक सात, खडकी. 'देखरेख' या रकान्यात आत्याचं पूर्ण नाव, घर क्रमांकासकट. नळाची चावी तिच्याकडे असायची ना, म्हणून.

आत्याला हवा होता तो हाच कागद. वस्ती उठणार होती. सन दोन हजारच्या आधीपासून राहत असल्याचा कागद जो दाखवील त्याला तिथंच नव्या इमारतीत घर, बाकीच्यांना लांब मांजरीला भाड्याच्या खोल्या. आत्याचे सगळे कागद मागेच एका पुरात गेले होते. पंधरा दिवसांपूर्वी तिनं फोन करून विचारलं होतं, "तुझ्या मशीनमध्ये काही सापडतं का बघ." तो म्हणाला होता, "बघतो." आणि बघितलं नव्हतं. कामाचा डोंगर होता, असं म्हणायची सोय असते.

प्रिंट काढून त्यानं स्कूटर थेट खडकीला घातली. आत्या दारात मेथी निवडत बसली होती.

"जय भीम, आत्या."

"जय भीम. आज कामाच्या दिवशी कसा काय आलास?"

त्यानं कागद पुढे केला. तिनं हात पुसले, अक्षरांवर बोट फिरवत सावकाश वाचलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अरे, हे तर माझं नाव!"

"सुनावणी कधी आहे?"

"झाली की शुक्रवारी." ती पुन्हा मेथीकडे वळली. "साहेब चांगला होता. म्हणाला, मावशी, महिन्याची मुदत देतो, कागद शोधा. मी म्हटलं, नको. पुरावा नाही म्हणून सही करून दिली."

"मुदत देत होता तरी? का गं?"

"शेजारच्या चैतालीनं फोनवर चार दिवस बघितलं रे, तुझ्या मशीनमध्ये. नाहीच म्हणत होतं. मी म्हटलं, आमच्या प्रज्ञेशनं केलंय ते. त्या कोंडाळ्यावर वाढलाय तो, तो कसा विसरेल? त्यात नाही म्हणजे सरकारातच नसणार. उगाच साहेबाला कशाला ताटकळत ठेवायचं?"

"सही मागे घेता येईल. मी बोलतो त्यांच्याशी."

"सकाळीच विचारून आली चैताली. नाही म्हणाले. वाटपही झालं, पंधरा दिवसांत जायचं."

प्रज्ञेश उंबऱ्यावरच बसला. नजर वर करायची हिंमत नव्हती. मशीन चुकलं, असं म्हणून सुटता आलं असतं आणि तिनं ते मानलंही असतं. म्हणूनच त्याला ते बोलवेना.

"मी विसरलो नव्हतो, आत्या. लिहिला होता तो शब्द. सर म्हणाले, असं कोण म्हणतं. मी म्हणालो, कोणी नाही."

तिनं मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग ती उठली, आत गेली आणि तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला. कागदाची नीट चौकोनी घडी घालून तो त्याला परत दिला.

"पाणी पी," ती म्हणाली. "खोटं कुठं बोललास? पंधरा दिवसांनी इथं कोंडाळं म्हणायला आहेच कोण?"