काच कापणारं दाभण

"पंखा लावला तर म्हणे शक्ती उडून जाते! इथे घामाने आमचाच जीव उडायचा," शेजारीण घरच्या थोरल्या सुनेच्या कानाशी पुटपुटली.

ताडपत्र्या शिवायच्या त्या कारखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. थोरलीने लेकीला घट्ट जवळ धरलं होतं. नवरा माळ्यावरून पडून वारल्यापासून घरात कुजबुज होती, आणि आता दिराने हे महाराज आणले होते. त्यांची परीक्षा अशी: तिच्या हातात दाभण मोडलं, तर नवरा तिनेच खाल्ला. मग घर सोडायचं, लेक इथेच ठेवायची.

महाराजांनी दाभण काचेवर ओढलं. कर्रर्र! पांढरी रेघ उठली.

"काच कापणारं पोलाद! हे मोडायला पापच लागतं, पाप!" त्यांनी दाभण शेल्यात पुसलं आणि धनुष्यासारखं वाकवलं. मोडलं नाही. पुन्हा पुसलं. "घे, बाई."

थोरलीने जेमतेम दाबलं. टक्! दोन तुकडे.

गर्दी मागे हटली. शेजारणीला तर केवढी जागा सापडली! लेक "आई!" म्हणून किंचाळली, तिला दिराने उचललं. थोरली स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. खरंच असेल का यांच्यात काही?

"महाराज," विज्ञान शिकवणारी नणंद पुढे आली, "तुम्ही वाकवलंत ते वाकडंच राहिलं होतं. वहिनीला दिलंत ते सरळसोट. शेला झटका बघू."

"हात लावशील तर भस्म होशील!"

"होऊ द्या. पोरांना तेवढीच सुट्टी."

तिने शेला ओढला. वाकडं दाभण खणकन पडलं. तिने ते काचेवर ओढलं; नुसतं घसरलं, रेघ नाही. मग नणंदेने ते कोपऱ्यातल्या चहाच्या शेगडीत लालभडक केलं, पाण्यात बुडवलं. आता काचेवर कर्रर्र! आणि तिच्या हातात टक्!

"मी कोणाला खाल्लं, सांगा! अहो, कडक म्हणजे मजबूत नव्हे. लाल पोलाद एकदम पाण्यात घातलं की काचेवर ओरखडा काढण्याइतकं कडक होतं, पण काचेसारखंच ठिसूळ. हळूहळू निवू दिलं की मऊ राहतं, वाकतं. आपल्या कारखान्यात दाभणं मोडतातच की! तेवढ्या चेटकिणी आणायच्या कुठून? आधी करून बघा, मग माना."

महाराज दाराकडे सरकले. दिराने लेकीला अजून सोडलं नव्हतं.

"मग दादा पडला कसा?" त्याने विचारलं.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. थोरलीनेही.

सासू भिंतीला धरून उठली.

"पोरीला खाली ठेव. माझा मुलगा दारू पिऊन पडला."