एल्रॉय कुबालाची खरखर

एल्रॉय कुबालाच्या गिटारमधली खरखर रविवारी दुपारी, भर वॉल्ट्झमध्ये सापडली. पण हे वाक्य आपण वाचलंच नाही असं समजू या. एल्रॉय तसंच समजतो, आणि वर्बा हॉलमध्ये, म्हणजे गावच्या नाचघरात, एल्रॉयच्या समजुतीला धक्का लावायची पद्धत नाही.

तर, खरखर सापडलेली नव्हती, आणि एल्रॉय गिटारखाली उताणा पडून एक स्प्रिंग चिमटीत धरून होता.

"वाजव," तो खालून म्हणाला.

त्याच्या मुलीने, मार्लेनाने, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवर टेकवला आणि एक तार छेडली. ही गिटार पेडल स्टील जातीची, आणि ती जात टेबलासारखी चार पायांवर उभी असते. वाजवणारा मागे बसून पायांनी पेडल दाबतो, गुडघ्यांनी कळा ढकलतो, आणि आतल्या सळ्या तारा ओढतात. म्हणजे खरखरायला जागा भरपूर. सूर स्वच्छ निघाला आणि हॉलच्या लाकडी छतापर्यंत जाऊन निवांत विरला.

"गेली."

एल्रॉय बाहेर आला, पाठ झटकली, गिटारच्या पुढे उभा राहिला, पोट फळीला टेकवून वाकला आणि कान तारांपाशी नेला.

"परत."

मार्लेनाने तीच तार छेडली. सुराच्या मागोमाग झर्र असा बारीक आवाज आला. बाटलीत माशी अडकावी तसा.

"म्हणजे स्प्रिंग नव्हती," एल्रॉय म्हणाला आणि परत खाली गेला.

सकाळपासून हेच चाललं होतं. तो ज्या भागाला हात लावी, तो भाग दोषी ठरे. मग तो उठून, वाकून ऐके, आणि तो भाग निर्दोष सुटे. सळ्या सुटल्या होत्या, स्क्रू सुटले होते, तारांखालच्या चकत्या ससन्मान सुटल्या होत्या.

ही गिटार त्याने घरामागच्या शेडमध्ये, स्वतःच्या लेथवर बनवली होती. पुढच्या फळीवर शिंपल्याची अक्षरं जडवली होती: KUBALA. नाचणाऱ्याला चष्मा घालावा लागू नये एवढी मोठी. शेडच्या बाहेर ती आज पहिल्यांदा आली होती. तीन वाजता हॉलच्या वर्धापनदिनाचा नाच होता, आणि एल्रॉयने सगळ्यांना बजावलं होतं, की माझं नाव लावून खरखरणारी वस्तू लोकांपुढे जाणार नाही. खरखर राहिली तर गिटार पेटीत परत, कायमची. मार्लेनाने खंजिरी वाजवावी. खरखरणं हे खंजिरीचं कामच आहे.

मार्लेना ती पेटी पायाने हळूहळू मागे सरकवत होती. आता ती पडद्याआड पोचली होती.

ड्रमवाला अल्विन ओर्साक सॉसेज खात खात आला.

"स्पीकरमधून येते का रे खरखर?"

"नाही."

"मग ऐकतं कोण?"

"मी."

"तू नाचायला तिकीट काढलंयस?"

"अल्विन, तुझे ड्रम कुणी बनवले?"

"विकत आणले."

"मग सॉसेज खा."

एल्रॉयने पट्टा वर ओढला. पट्ट्याला बशीएवढं चांदीचं बक्कल होतं आणि बक्कलावर रिव्हेट मारून बसवलेलं पितळी डुक्कर. काउंटीच्या जत्रेत सॉसेजचं पहिलं बक्षीस. टेक्ससमध्ये बक्कल म्हणजे पदकच, फक्त छातीवरून खाली घसरलेलं. अल्विनने एकदा त्या डुकराला खेचर म्हटलं होतं, तेव्हा कापूस पेरल्यापासून वेचेपर्यंत दोघं बोलले नव्हते.

"सळ्यांखाली घालायला नमदा आणतो," म्हणत एल्रॉय ट्रककडे गेला.

तो गेल्यावर मार्लेनाने सहज तार छेडली. स्वच्छ. पेडल दाबून छेडली. स्वच्छ. गुडघ्याने कळ ढकलून, दांडा हलवत, सगळ्या तारा एकदम. आरशासारखं.

एल्रॉय आला. पोट टेकलं. कान वाकला. झर्र.

मार्लेनाची नजर आवाजाच्या मागे मागे फळीवर गेली. शिंपल्याच्या B या अक्षरावर बक्कल टेकलं होतं, आणि पितळी डुक्कर आपल्या रिव्हेटवर थरथरत होतं. थंडी वाजल्यासारखं.

तिने तोंड उघडलं. वडिलांचे डोळे मिटलेले होते. कपाळावर घाम, आणि चेहरा असा, की जणू बाळाचा श्वास मोजतोय. तिने तोंड मिटलं.

"डॅडी, तुम्ही फार जवळून ऐकताय. लोक कुठून ऐकणार? मधोमध जाऊन ऐका. एक वॉल्ट्झ. खरखर आली तर मी स्वतः पेटीत भरते."

"तू?"

"मी. कड्या लावून."

एल्रॉयने मागे पाहिलं. लोक आत आले होते, पावलं सरकावीत म्हणून जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरून झालं होतं, जोड्या उभ्या राहत होत्या. वर्बा हॉलमध्ये नाच सुरू झाला की मधोमध कुणी नुसतं उभं राहत नाही. पाद्रीबाबा एकदा राहिले होते, त्यांनाही कोपर बसलं.

"तिथे उभा कसा राहू?"

"उभे नका राहू. ममाला घ्या."

लिडिया स्वयंपाकघराच्या खिडकीत जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे भरलेले गोड पाव, मांडत होती.

"लिडिया, चल. एक तपासणी आहे."

"नाचायला बोलावेल म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली," लिडिया अल्विनला म्हणाली, "आणि आमंत्रण आलं ते तपासणीचं." पण तिचा एप्रन तोवर खुंटीवर गेला होता.

मार्लेनाने वॉल्ट्झ उचलला. एल्रॉय मान तिरकी करून, एक कान स्टेजकडे ठेवून नाचत होता. पहिल्या फेरीत खरखर नव्हती. दुसऱ्या फेरीत नव्हती. सूर जोड्यांच्या डोक्यांवरून वाहत गेला आणि बोलणारे लोक हळूहळू बोलायचे थांबले.

शेजारून मिसेस पावलास नवऱ्याला घेऊन सरकल्या.

"गिटार कुठल्या कंपनीची म्हणायची?"

"नाव लिहिलंय की. वाच," नवरा म्हणाला.

"वाचलं. म्हणून तर विचारलं."

एल्रॉयची मान तिरकी होती ती सरळ झाली. मग थोडी जास्तच सरळ झाली.

"एल्रॉय," लिडिया म्हणाली, "तुझं डुक्कर थरथरतंय."

"श्श. ऐकू दे."

"खालच्या सुराला थरथरतं. वरच्याला नाही. मला गुदगुल्या होतायत."

एल्रॉयचं पाऊल चुकलं. वर्बा हॉलमध्ये कुबालांचं पाऊल चुकत नाही, म्हणून कुणी पाहिलं नाही. चार पावलं तो खाली बक्कलाकडे पाहत नाचला. मग त्याने लिडियाला जवळ ओढलं, इतकं जवळ, की डुकराला थरथरायला जागा उरली नाही.

"आता?"

"आता नाही," लिडिया म्हणाली. "पण असंच राहू दे."

पुढचा नाचही त्यांनी केला. त्यानंतरचाही. कोलाचे ज्याने त्याने हाताने घेतले.

मधल्या सुट्टीत एल्रॉय स्टेजपाशी आला. एक हात बक्कलावर होता.

"खरखर?" मार्लेनाने विचारलं.

"तूर्त आढळली नाही."

"मग होती काय?"

"हवा," एल्रॉय म्हणाला. "कोरडी आहे."

"असेल," मार्लेना म्हणाली आणि तिने खूप वेळ एक खुंटी पिळली. ती तार सुरातच होती. एल्रॉयने रुमाल काढून फळीवरची अक्षरं पुसली. B वर एक बारीक ओरखडा होता, डुकराच्या कानाएवढा. तो त्याने दोनदा पुसला.

मग तो मुलीकडे पाहून म्हणाला, "पेटी कुठे ठेवलीस ते विसरलीस तरी चालेल."

सोमवारी हॉलच्या समितीची बैठक होती. एल्रॉय आयुष्यात पहिल्यांदा पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलिस लावून आला. कुणी काही विचारलं नाही. अल्विनने तर छताकडेच पाहिलं. 'आयत्या वेळचे विषय' पुकारल्यावर एल्रॉय उभा राहिला, घसा साफ केला आणि कागद समोर धरून वाचू लागला:

"माननीय अध्यक्षांस नम्र विनंती की, सभागृहातील वाद्यांच्या, विशेषतः स्थानिक बनावटीच्या वाद्यांच्या, ध्वनिशुद्धतेस बाधा येत असल्याचे निदर्शनास आल्यावरून, यापुढे प्रत्येक नाचाच्या वेळी सर्व पुरुष सभासदांची बक्कले प्रवेशद्वारी जमा करून घेण्यात यावीत, प्राण्यांची प्रथम. मात्र स्वतःच्या पत्नीसह नाचत असलेल्या सभासदास वॉल्ट्झ संपेपर्यंत यातून सूट देण्यात यावी, आणि वॉल्ट्झ लवकर संपवू नये."