स्टॉपरशी अबोला

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमने त्या वर्षी सहा मॅच खेळल्या. दोन जिंकल्या, दोन बरोबरीत सुटल्या, दोन हरल्या. हरलेल्या दोन्हींचं पाप माझ्या माथी आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. मुलींचं आहे, काचीगुड्याच्या अलीकडे आहे, एवढं पुरे. मी रेणू, टीमची गोलकीपर. माझ्यापुढे वीस पावलांवर स्टॉपरच्या जागी, म्हणजे बचावाच्या अगदी मधोमध, अपर्णा खेळायची आणि तिच्याशी माझा अख्खा सीझन अबोला होता.

हसू येत असेल तर खुशाल हसा. तेव्हा सगळी टीम हसायची.

टीममध्ये मराठी आम्ही दोघीच. अपर्णा पुण्याची, तिच्या बाबांची कंपनी त्यांना इकडे घेऊन आली आणि तारनाक्याला फ्लॅट मिळाला. आम्ही परभणीकडचे, पण आजोबांपासून बरकतपुऱ्यात. तिची मराठी इस्त्री केलेली, माझ्या मराठीत चार शब्दांआड एक ‘नक्को’. तरी आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. प्रॅक्टिसहून परतताना एकाच बसमध्ये असायचो, बरकतपुऱ्याला मी उतरायची आणि ती पुढे जायची. त्या बसमध्येच दुसऱ्या वर्षी मी तिला एक गोष्ट सांगितली, जी घरीही सांगितली नव्हती. मला लांबचं दिसत नव्हतं. हाफलाइनच्या पलीकडे सगळं धुकं. बॉल त्या धुक्यातून बाहेर आला की मगच मला कळायचं की तो येतोय.

घरी सांगायची सोय नव्हती, कारण बाबांनी खेळायला परवानगी देतानाच बजावलं होतं, “चष्मा लागला त्या दिवशी फुटबॉल बंद. काच डोळ्यात गेली तर जन्माचं होईल.”

तिसऱ्या वर्षाच्या जुलैत अपर्णाने ते जाऊन अश्विनी मॅडमना सांगितलं. मॅडम आमच्या पीडी, म्हणजे खेळाचं सगळं त्यांच्या हातात. त्यांनी मला तिथल्या तिथे बाहेर बसवलं आणि बाबांना फोन लावला. घरात आठ दिवस महाभारत झालं. शेवटी मॅडम स्वतः घरी आल्या, आईच्या हातचा चहा प्यायल्या आणि लेन्स म्हणजे चष्मा नव्हे हे बाबांना पटवून गेल्या. डोळ्यांत लेन्स आल्या, मी परत गोलपोस्टखाली आले, पहिली मॅच जिंकलो.

दुसरी कोणी असती तर अपर्णाचे आभार मानून मोकळी झाली असती. माझा राग नाकाच्या शेंड्यावर. बाहेर बसवलं त्याच दिवशी मी तिला कँटीनमध्ये गाठलं होतं.

“तुला विश्वासाने सांगितलं होतं.”

“अगं, तुझ्या तोंडावर बॉल बसला असता एखाद्या दिवशी.”

“माझं तोंड, माझा बॉल. आजपासून माझ्याशी बोलू नकोस.”

 “ठीक आहे,” ती म्हणाली आणि चहाचा ग्लास घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली.

इथेच घोटाळा झाला. आमच्या घरी ‘माझ्याशी बोलू नकोस’ याचा अर्थ ‘तीन दिवसांनी समजूत काढायला ये’ असा होतो. पहिला दिवस फुगून बसायचं, दुसऱ्या दिवशी अर्धं जेवायचं, तिसऱ्या दिवशी समोरचं माणूस काहीतरी खायला घेऊन येतं आणि आपण नाही नाही म्हणत खातो. ही रीत आमच्यात लहान पोरांनाही ठाऊक. अपर्णाला ती कोणी सांगितली नव्हती. तिच्या घरी, मला वाटतं, बोलू नकोस म्हणजे बोलू नकोस. तिने माझं म्हणणं तंतोतंत पाळलं. तिसऱ्या दिवशी मी बसमध्ये शेजारची जागा पिशवी ठेवून धरली होती. ती पुढच्या दाराने चढली आणि पुढेच उभी राहिली.

आता मी कशी बोलणार? सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो पीळ आमच्या घरी वारशाने येतो. माझी आई भामा आणि आमची भाग्यलक्ष्मी काकू एकाच मजल्यावर राहून अकरा वर्षं बोलल्या नाहीत. दोन स्वयंपाकघरांत एक भिंत. इकडे आईने फोडणी दिली की तिकडे काकूला ठसका लागायचा, पण ‘काय केलंस गं आज’ म्हणून कोणी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी काकू झोपेतच गेली. आई तेरा दिवस रडली. भांडण कशावरून झालं होतं, असं मी तेव्हा विचारलं, तर आईला आठवेना.

मैदानावर मात्र कीपरला बोलल्याशिवाय भागत नाही. सगळा खेळ तिलाच समोरून दिसतो. स्टॉपरची तिच्याकडे पाठ असते, म्हणून मागून कोण येतंय हे कीपरने ओरडून सांगायचं. आम्ही त्यावर तोडगा काढला. आमच्या दोघींच्या डाव्या हाताला शाहीन खेळायची, मलकपेटची. मी शाहीनला ओरडायची, शाहीन अपर्णाला.

“शाहीन, उसकू बोल डावीकडे जा!”

“अपर्णा, लेफ्ट! अरे मैं पोस्टमन हूँ क्या जी? तुम इच बोलो ना एक दूसरे कू!”

दुसऱ्या मॅचमध्ये शाहीन पुढे गेली असताना एक साधा, रांगत येणारा बॉल आम्हा दोघींच्या मधून गेला. तिला वाटलं मी घेते, मला वाटलं ती घेते. ‘माझा’ एवढा एक शब्द कोणीतरी म्हणायला हवा होता. तेवढ्यावर हरलो. मॅडम म्हणाल्या, “तुम दोनों के बीच में से लॉरी निकल जाएगी.”

गोलपोस्टखाली किती एकटं वाटतं, हे कीपर नसलेल्याला सांगून समजणार नाही. आपली टीम चढाई करते तेव्हा दहाच्या दहा जणी निघून जातात. मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या राखत बसल्यासारखं. पूर्वी अशा वेळी अपर्णा मागे सरकून यायची, बॉल पलीकडे असेपर्यंत गप्पा हाणायची. आता मी फक्त तिची पाठ बघायची. चार नंबरची जर्सी, चाराच्या खालच्या टोकाला सुटलेला दोरा, कायम घसरलेला डावा मोजा. नवीन लेन्समधून सगळं लख्ख दिसायचं. जिच्यामुळे दिसायला लागलं तिचीच पाठ बघत मी ऑगस्टपासून डिसेंबर काढला.

मॅचनंतर सगळ्या चहाला जायच्या. आम्ही दोघी दोन टोकांना बसायचो. मग मी आधी उठून बसस्टॉपवर जायची, थोड्या वेळाने तीही यायची. मी पहिल्या बसमध्ये चढले की ती दुसरीची वाट बघायची. कधी कधी मी मुद्दाम पहिली बस सोडायची, म्हणजे तिला माझ्याबरोबर चढावं लागेल. अशा वेळी ती त्या सोडलेल्या बसमध्ये चढून निघून जायची. फोन होता की, असं तुम्ही म्हणाल. रोज तिचं नाव उघडून बघायची. पण मनात एकच, तिने आधी. मला तिची फार आठवण यायची आणि ती रोज माझ्यासमोर वीस पावलांवर असायची.

संक्रांतीच्या सुट्टीनंतर शेवटची लीग मॅच होती. ती बरोबरीत सुटली तरी आम्ही सेमीफायनलला जाणार होतो, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. दोन दिवस आधी प्रॅक्टिस संपल्यावर शाहीन माझ्याजवळ आली. तिच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं.

“वो पूना जा रई, मालूम ना तेरे कू? इंटर्नशिप है, पूरा सेमिस्टर. घर बी खाली कर रए उनो. मैच के दिन इच शाम की गाड़ी है.”

“मग मी काय करू?” मी म्हटलं.

“तू मर,” शाहीन म्हणाली. “पन पहले उससे बात कर.”

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. जुलैपासूनचं. आईने ऐकून घेतलं. मॅचच्या सकाळी माझ्या किटबॅगेत ग्लव्ह्जच्या खाली एक छोटा स्टीलचा डबा होता. तिळगूळ. “रथसप्तमीपर्यंत चालतो,” आई म्हणाली. “दे आणि बोल. मी तुझ्या काकूला नाही दिला.”

मी ठरवलं, मॅच संपली की द्यायचा. आधी नको. आधी दिला आणि हरलो तर तिळगुळाला बोल लागायचा. पळवाट शोधायला आम्ही हुशार.

मैदान तारनाक्याचं, विद्यापीठाचं. कडेच्या झाडांत फाटके पतंग अडकलेले. गेटपाशी अपर्णाचे बाबा, प्रकाशकाका, गाडीत सामान भरून उभे होते. मागच्या काचेतून तिची उशी दिसत होती. 

मॅच घट्ट चालली. त्यांनी सोळा वेळा चढाई केली असेल, गोल होईना. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असताना शाहीनच्या पोटरीत गोळा आला आणि तिला उचलून बाहेर नेलं. जाता जाता तिने माझ्याकडे बघून हात जोडले. तिच्या जागी आलेल्या मुलीला आमच्या निरोपांची रीत ठाऊक नव्हती.

बॉल उंच आला. अपर्णाने तो छातीवर घेऊन खाली उतरवला आणि कुणाकडे द्यावा म्हणून मान वर केली. तिच्या उजव्या खांद्यामागून त्यांची नऊ नंबर वाऱ्यासारखी येत होती. अपर्णाला ती दिसणं शक्य नव्हतं. मला स्वच्छ दिसत होती. ‘मागे!’ एवढंच ओरडायचं होतं. पण सहा महिने तोंडात अडवून ठेवलेला शब्द वेगळाच होता आणि तोच बाहेर पडला.

“अपर्णा!”

ती वळली. बॉल पायाशी सोडून, अख्खी वळून तिने माझ्याकडे बघितलं. जुलैनंतर पहिल्यांदा तिचा चेहरा सरळ माझ्याकडे होता. नऊ नंबरने तिच्या पायातला बॉल काढला, दोन पावलं टाकली आणि माझ्या डावीकडून आत मारला. मी हललेसुद्धा नाही. मी अपर्णाकडेच बघत होते.

ती चालत आली, जाळीतला बॉल काढला. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसायला लागले होते.

“आत्ताच बोलायचं होतं का गं तुला?”

 ती बॉल मध्यावर फेकून आपल्या जागेवर गेली. मग पुढची सहा मिनिटं आम्ही बोललो.

“रेणू, कुठे आहे ती?”

“डावीकडे! डावीकडे!”

“घेऊ?”

“सोड, माझा!”

“दे इकडे!”

“मागे, अपर्णा, मागे बघ!”

“बघितलं गं बाई!”

घसा फाटेपर्यंत ओरडलो. मधून लॉरी सोडा, मुंगी गेली नाही. पण आमच्याकडून गोल झाला नाही, शिट्टी वाजली, सीझन संपला. पोरी जमिनीवर बसून रडत होत्या. मी ग्लव्ह्ज ओढून काढले, बेंचकडे धावले, बॅग उपसून डबा काढला. तेवढ्यात मॅडमनी मला खांद्याला धरून मॅचच्या कागदावर सही करायला टेबलापाशी उभं केलं. सही करून वळले तर प्रकाशकाकांची गाडी गेटमधून बाहेर पडत होती. ट्रेनची वेळ झाली होती. मागच्या काचेवर अपर्णाचा हात हलत होता, की उशी हलत होती, ते लेन्स असूनही मला नीट दिसलं नाही.

डबा तसाच घेऊन घरी आले. आई स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी उभी होती.

“दिलास?”

“नाही. गेली ती.”

“बोललीस तरी का?”

“बोलले.”

“काय बोललात?”

मी आठवून आठवून सांगितलं. “डावीकडे. सोड. माझा. दे. मागे बघ.”

“एवढंच?”

“एवढंच. सहा मिनिटं.” आणि मग मला रडू आवरेना.

आईने डबा उघडला, एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मग ती काकूच्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत राहिली. तिकडे आता भाडेकरू राहतात.

“सहा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली गं,” ती म्हणाली.