वाफबाई

मुलगा ओट्यावरच्या जुन्या कॉफी मशीनची वायर गुंडाळत होता. बाई धुतलेला कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

"कुठे चाललं हे?"

"ऑफिसातल्या एकाला देऊन टाकतोय. आज नवं येतंय ना."

नवं येतंय हे बाईंना माहीत होतं. आठ महिने घरात दुसरा विषय नव्हता. मुलाच्या एका मित्राने तसलं मशीन घेतलं होतं, आणि त्याच्याकडची कॉफी पिऊन आल्यापासून ह्याला घरची कॉफी गोड लागेना. पण जुनं आजच जाणार, हे कोणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी ते आणलं मुलाने, पण वापरलं बाईंनीच. रोज पहाटे साडेपाचला घर झोपलेलं असताना त्या स्वतःपुरती कॉफी करत आणि खिडकीशी बसून पीत. दिवसातली तेवढी वीस मिनिटं त्यांची स्वतःची होती. मुलाने मशीनचं खोकं काखेत मारलं आणि तो ते देऊन यायला निघाला. त्यांनी कप पुन्हा धुतला आणि पालथा घातला.

दुपारी दोन माणसांनी नवं मशीन धापा टाकत वर आणलं. ओट्याचा अर्धा भाग त्याने खाल्ला. बाईंचे डबे वरच्या फळीवर गेले, जिथे स्टुलाशिवाय त्यांचा हात पोचत नव्हता. बसवायला आलेला माणूस पन्नाशीचा, बोलघेवडा होता. तो सगळं मुलालाच समजावून सांगत होता. दांडीची गाळणी जिथे अडकवायची तिथलं रबरी वॉशर त्याने अंगठ्याने दाबून बसवलं, तेव्हा बाई शेजारीच उभ्या होत्या.

"डावीकडे दुमडलंय ते," त्या म्हणाल्या.

त्याने मुलाकडे बघून डोळे मिचकावले. "आजी, ही काय कुकरची रिंग आहे का?"

मुलगा हसला. माणूस गेल्यावर तो आईजवळ आला आणि लहान मुलाला सांगावं तशा आवाजात म्हणाला, "आई, तू याला हात लावू नकोस हं. आत प्रेशर असतं. भाजेल कुठेतरी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी ओटा पुसायला घेतला, आणि आधीच स्वच्छ असलेला ओटा दोनदा पुसला.

एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात काढली होती. वर शस्त्रक्रिया चालत, आणि त्यासाठी लागणारी हत्यारं खाली बाईंच्या विभागात वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होत. माणूस उभा मावेल एवढाली चार यंत्रं होती. एकशे चौतीस अंशांची वाफ. कोणत्या दाराचं रबर पुढच्या महिन्यात दगा देणार, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. एकदा एका सहकारिणीने दाबाचा काटा शून्यावर यायच्या आधी दार उघडलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात भाजून घेतला. त्यानंतर बाई प्रमुख असेपर्यंत तिथे कोणालाही ओरखडासुद्धा उठला नाही. वरचे डॉक्टर त्यांना वाफबाई म्हणत. फोन करून विचारत, "वाफबाई, सामान कधी पाठवता?" आणि त्या सांगतील त्या वेळेपर्यंत मोठमोठे सर्जन हात बांधून थांबत.

आणि आता म्हणे, आत प्रेशर असतं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या उठल्या, अंधारात चकाकणाऱ्या मशीनसमोर क्षणभर थांबल्या आणि परत खोलीत जाऊन बसल्या. मुलगा आठला उठला. त्याने दाणे वजन करून दळले, टीचभर कपात कॉफी काढली, नाक मुरडून ओतून दिली, पुन्हा काढली. आईला कप मिळाला तेव्हा पावणेनऊ झाले होते. तिसऱ्या दिवसापासून त्या पहाटे चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ लागल्या. तिथे ट्रकवाल्यांच्या रांगेत उभ्या राहून कागदी कपातली कॉफी पीत आणि घर जागं व्हायच्या आत परतत. चव म्हणाल तर आनंदच होता. पण स्वतःच्या घरात मागून पिण्यापेक्षा हे बरं, असं म्हणत त्या पावलं आपटत जिना चढत.

सुनेच्या हे लक्षात आलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि फार बोलायची नाही. एके सकाळी दार उघडून देताना तिने विचारलं, "मी बोलू का त्यांच्याशी?"

"काही गरज नाही," बाई म्हणाल्या. "त्याला दिसत नसेल तर तू दाखवून काय उपयोग?"

तीन आठवड्यांत मशीनने आपला गुण दाखवला. गाळणीच्या कडेने, बरोबर डावीकडून, पाणी झिरपू लागलं. मुलाने आंतरजालावर धुंडाळलं, मित्राला फोन केले. दळण जाड पडतंय, असं त्याचं मत झालं. त्याने ते बारीक केलं, मग आणखी बारीक. बाई भाजी निवडत ऐकत होत्या. सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. फुटू दे एकदाचं, असंही एकदा मनात आलं, आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

रविवारी दुपारी तो मित्र बायकोला घेऊन यायचा होता. तासभर आधी मुलगा तालीम म्हणून कॉफी काढायला उभा राहिला. दळण पिठासारखं झालं होतं. पंप घरघरला, काटा वर चढत गेला, कपात थेंब पडेना. त्याने पाय रोवले आणि गाळणीची दांडी दोन्ही हातांनी धरली.

"हात काढ!"

तो आवाज त्या घरात कोणी ऐकला नव्हता. तो तळघरातला आवाज होता. मुलाने हात काढला. बाईंनी त्याला खांद्याने बाजूला सारलं, पंप बंद केला आणि काट्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"अगं पण..."

"गप्प उभा राहा."

काटा सावकाश उतरला. तो शून्यावर आल्यावरही त्यांनी थोडं थांबून घेतलं. मग फडक्याने दांडी धरून गाळणी काढली, सगळं निवू दिलं, चमच्याच्या मागच्या टोकाने वॉशर उचकटलं. डावीकडे ते दुमडून चपटं झालं होतं. त्यांनी ते धुतलं, उलटवलं, बोटं फिरवत चारी बाजूंनी सारखं बसवलं. "दळण जाड कर," एवढंच बोलून त्या हात पुसत बाहेर आल्या.

पाहुणे आले. कॉफी झकास झाली. मित्राने दुसरा कप मागून घेतला आणि गळती कशी थांबली ते विचारलं.

"वॉशर दुमडलं होतं," मुलगा म्हणाला. "काढून नीट बसवलं."

कोणी, ते त्या वाक्यात नव्हतं. बाईंनी आपला कप खाली ठेवला आणि उठायला खुर्चीच्या हातांवर भार दिला.

"आईंनी बसवलं," सून म्हणाली.

मित्राची बायको कौतुकाने वळली. "काकू, तुम्हाला कसं येतं हो हे?"

बाईंच्या आधी मुलानेच उत्तर दिलं. "आई हॉस्पिटलमध्ये होती ना. म्हणजे साफसफाईकडे. धुणं-बिणं."

तो हे कमीपणाने बोलला नव्हता. घरचा पत्ता सांगावा तसं सहज बोलला होता. चाळीस वर्षांचा मुलगा, आणि त्याला खरोखरच एवढंच माहीत होतं.

"तुझं अपेंडिक्स काढलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास," बाई म्हणाल्या.

मुलगा गोंधळला. मग जुनीच तक्रार करावी तसा म्हणाला, "हो. बाबा होते बाहेर. तू नव्हतीस."

"मी खाली होते. तुझ्या पोटात जाणारी हत्यारं मला दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नव्हती. मीच घासली, मीच बांधली, मीच वाफेत लावली. दोनदा."

"दोनदा का?"

"आत कागदाची एक पट्टी ठेवतात. वाफ सगळीकडे पोचली की ती काळी होते. पहिल्याच वेळी चांगली काळी झाली होती." त्यांनी टेबलावरचा सांडलेला थेंब बोटाने पुसला. "वर सर्जन ओरडत होते, उशीर का म्हणून. ओरडू दिलं."

बाईंचा राग उतरला नव्हता. इतक्या वर्षांचा राग असा एका दुपारी उतरणार नव्हता. मुलाचा हात शर्टावरून पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, गेला होता आणि तिथेच राहिला होता. त्याचं त्यालाही ते कळलं नसावं. बाईंनी ते पाहिलं, आणि खुर्चीच्या हातांवरचे आपले हात मांडीवर घेतले.