उकळत्या पाण्यातली पुडी

"पुडी कशात कालवता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"उकळत्या पाण्यात," ती ताठ मानेनं म्हणाली. "कप-चमचासुद्धा उकळून घेते. आपल्याकडे हयगय नाही."

नव्हतीच. बत्तीस वर्षं तिनं इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या भट्टीतून काढली होती. सगळे तिला वाफबाई म्हणत. जंतू म्हटला की मारायचा, एवढं एकच शास्त्र तिला ठाऊक. आणि ते तिनं इमानेइतबारे पाळलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो बाई, त्या पुडीत जिवंत जिवाणू असतात. चांगले. आतड्याला मदत करणारे. गरम पाण्यात ते मरतात."

 नवऱ्याच्या मोठ्या आतड्याला जागोजागी बारीक पिशव्या फुगल्या होत्या. त्या सुजायच्या, पोट धरून तो लोळायचा. चार महिने रोज सकाळी तिनं स्वतःच्या हातानं पुडी दिली, आणि काल त्यातली एक पिशवी फुटली. आता दुपारी ऑपरेशन होतं.

"म्हणजे मीच..."

"तसं नाही हो. या पुड्यांनी काहींना बरं वाटतं, काहींना नाही. त्यांनी हे टळलं असतं, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"टळलं नसतं, असं सांगता येतं का?"

डॉक्टरीणबाईंनी पेन उचलून कागदात डोकं घातलं. खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, काय करणार!

ती खाटेपाशी गेली आणि नवऱ्याला सगळं सांगून मोकळी झाली. त्यानं डोळे उघडले.

"माहीत होतं मला."

"काय?"

"पाकिटावर लिहिलंय. गार पाण्यात घ्यावी."

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस तो. साबणाच्या वेष्टणावरची चूकसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे.

"अहो, मग तोंड शिवलं होतं का तुमचं?" तिला रडू आवरेना.

"पहिल्या दिवशीच सांगणार होतो." त्याला धाप लागत होती. "पण तू पदर खोचून उभी होतीस. घड्याळ लावून कप उकळत होतीस. निवृत्त झाल्यापासून खिडकीशी नुसती बसायचीस गं. म्हटलं, मिळालंय काम तर करू दे."

"तुमच्या चांगुलपणाला आग लागो!" ती म्हणाली, आणि त्याचा हात तिनं दोन्ही हातांत घट्ट धरला. स्ट्रेचर येईपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तो गेला.

आठवड्यानं लेक औषधं आवरत होती. आवरता आवरता तिनं पाकीट वाचलं, आणि आईचा रोजचा उकळता कप आठवून ते तिच्यापुढे धरलं.

"आई, हे तू उकळत्या पाण्यात द्यायचीस?"

"हो."

"अगं, पण बाबा तर सगळं वाचायचे! अक्षर न् अक्षर वाचायचे. त्यांनी हे वाचलं नाही? की वाचूनही वेड्यासारखे पीत राहिले?"

तिनं लेकीकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं, तर निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं.

"त्यांना हल्ली बारीक अक्षर दिसत नव्हतं गं," ती म्हणाली. "चूक माझीच."