गुरूच्या डोक्यावरचा जांभळा

मंडळाच्या गणपतीत पाचव्या दिवशी बायकांची रांगोळी स्पर्धा. व्हरांड्यात चौकोन आखून दिलेले. एकात मोर, दुसऱ्यात कलश, तिसऱ्यात पुन्हा मोरच. वसुंधरेच्या चौकोनात मात्र गुरू ग्रह बसला होता, घमेल्याएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना जांभळ्या झिरमिळ्या.

तान्ही रमा निजली की कुकरच्या दोन शिट्यांच्या मधे वसुंधरा वाचनालयातलं मासिक उघडायची. तिथंच तिला हे भेटलं होतं. गुरूच्या एका चंद्रावर ज्वालामुखी आहेत, ते गंधक ओकतात, ते कण गुरूच्या ध्रुवांवर आदळतात आणि तिथल्या झगमगाटातून एक्स-रे निघतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज. खिडकीबाहेर कारखान्याच्या भट्टीतला वितळलेला मळ, स्लॅग, ओतला जायचा, आभाळ लाल व्हायचं, आणि तिला वाटायचं, हा गुरू तर आपल्यासारखाच भट्टीजवळ राहणारा! बी.एस्सी.नंतर इतकं आपलं काही तिला सापडलंच नव्हतं.

महिला विभागाच्या अध्यक्षा सत्यशीलाबाई चौकोनापाशी थांबल्या.

"हे काय गं?"

"गुरू आहे, काकू. डोक्यावरून एक्स-रे निघून राहिले."

"गुरू पिवळा असते. गुरुवारचे उपास करतो आम्ही. त्याच्या डोक्यावर जांभळा काहून टाकला?"

"त्या किरणांना रंगच नाही, काकू. मले जांभळा आवडते."

"म्हणजे दिसतच नाही? मग काढलं कशाले?"

"मागच्या महिन्यात तुमच्या छातीचा फोटो काढला ना? ते किरण दिसले होते का तुमाले?"

मोरवाल्या दोघी पदरात हसल्या. सत्यशीलाबाईंचा चेहरा उतरला, मग चढला.

"आरतीले कारखान्याचे साहेब लोक येतील. पुसून टाक अन् कलश काढ. नाही तर ओलं फडकं मी फिरवतो."

वसुंधरेनं झिरमिळ्यांकडे पाहिलं. सकाळपासून गुडघे मोडून काढलेलं. या गावात तिचं म्हणावं असं एवढंच तर होतं. मोलकरीण बादली-फडकं घेऊन आलीसुद्धा.

खांबाशी वसुंधरेच्या सासूबाई सिंधुताई रमेला घेऊन उभ्या होत्या. वसुंधरेनं जाऊन पोर घेतली, रांगोळीला खेटून मांडी घातली, पदर ओढला आणि रमेला पाजायला घेतलं.

"आता काय करून राहिली?"

"लेकराले भूक लागली, काकू."

पाजणाऱ्या बाईला अर्ध्यातून उठवत नाहीत. हे सत्यशीलाबाईंनीच कितीदा दुसऱ्यांना सुनावलं होतं. फडकं बादलीत परत गेलं.

रमा चुटूचुटू पीत होती. वसुंधरेनं तिच्या कपाळावरचे केस सारले आणि हळूच सांगितलं, "डावीकडे बघ, तुझा गुरू." मान मात्र ताठ ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाकडे तिनं सरळ पाहिलं.

आरतीची गर्दी आली. साहेब लोकांनी चपला बाजूला काढल्या आणि झिरमिळ्यांना वळसा घातला. एकानं विचारलं, "ये क्या बनाया, बहनजी?" वसुंधरेनं सांगितलं, चंद्रापासून सुरू करून, अगदी सगळं. तो ऐकत उकिडवाच बसला.

झांजा थांबल्या तशा सत्यशीलाबाई पुन्हा आल्या. "झालं का नाही अजून?"

सिंधुताईंनी पदराच्या आत डोकावून पाहिलं. रमा केव्हाचीच झोपली होती, ओठाशी दुधाचा थेंब.

"नाही," त्या म्हणाल्या आणि बादली पायानं दूर सारली. "पिऊनच राहिली अजून."